‘सर कुठे आहेत?’ : दोर धरणाऱ्या बायकांचा धागा

गाठवाली

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. परवा जे झालं त्यानंतर हात शिवशिवायला लागले.

मी बारा वर्षं प्रस्तरारोहण करते, त्यातली आठ पोटापाण्यासाठी. म्हणजे लोकांना दोराला बांधून वर नेते आणि धडधाकट खाली आणते. परवा सहा जणांची तुकडी होती. पहाटे मी भिंतीच्या माथ्यावर जाऊन अँकर (दोर अडकवायचा पक्का आधार) लावला, दोर खाली सोडला, खाली येऊन हार्नेस (कंबर-मांड्यांना बांधायचे पट्टे) आणि हेल्मेटं मांडून ठेवली. सोबत मदतनीस म्हणून एक पोरगा होता. वय एकोणीस, या कामात तिसराच महिना. पहिले गृहस्थ आले ते थेट पोराकडे. हात मिळवला आणि म्हणाले, "काय सर, आज कुठल्या बाजूने?" पोराने माझ्याकडे बोट केलं. गृहस्थ माझ्याकडे बघून हसले आणि परत त्यालाच म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण मेन सर कुठे आहेत?"

माणूस वाईट नव्हता. दिवसभर सांगितलेलं सगळं ऐकलं, आगाऊपणा केला नाही, सामान आवरायलाही थांबला. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दुपारी रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून खाली उतरायला, कड्याच्या टोकावर उभा केला. मी त्याचा हार्नेस बघितला, कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या कडीचा) स्क्रू फिरवून बघितला, मागची प्रुसिक (हात सुटला तर दोरावर आवळणारी गाठ) ओढून बघितली आणि "चला" म्हटलं. हा जागचा हलेना. नजर पोराकडे. पोराने येऊन त्याच तीन गोष्टींना हात लावला, "ओके आहे सर" म्हणाला, तेव्हा कुठे गडी मागे झुकला.

ती प्रुसिक बांधायला त्या पोराला मीच शिकवलं, तीन महिन्यांपूर्वी. पहिल्या दिवशी त्याने उलटी बांधली होती.

इथे कोणी बाई गाइड असेल, बाई गाइडबरोबर चढलेलं कोणी असेल, किंवा या धंद्यात शिरायचा विचार करत असेल, तर लिहा. फक्त ‘स्त्रीशक्तीला सलाम’ छापाचे प्रतिसाद नकोत. सलाम पोचला असं समजा.

उनाड

सलाम टाईप करून झाला होता, खोडला.

संशयात्मा

मी स्पष्ट विचारतो, राग मानू नका. माझं वजन ८८ किलो. समोरची बाई ५० किलोची. मी सुटलो तर ती मला धरणार कशी? यात स्त्री-पुरुष काही नाही, साधं भौतिकशास्त्र आहे. ५० किलोचा पुरुष असता तरी हाच प्रश्न विचारला असता.

उनाड

विचारला असता, पण त्याला. ‘मेन सर’ना नाही.

गाठवाली

@संशयात्मा, राग कसला, हा प्रश्न आठवड्यातून एकदा येतोच. उत्तर जरा लांबेल.

आधी तुमच्या डोळ्यांसमोरचं चित्र पुसा. दोराच्या एका टोकाला तुम्ही लटकताय आणि दुसरं टोक मी दात-ओठ खाऊन हातात धरलंय, असं काही नसतं. मल्टिपिच, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या चढाईत (एक टप्पा म्हणजे एक पिच) गाइड पुढे जाते, वर पोचल्यावर कातळात अँकर लावते आणि तुम्हाला वरून बिले देते, म्हणजे तुमचा दोर सांभाळते. बिलेची प्लेट माझ्या कमरेला नसते, थेट अँकरला असते. तुम्ही सुटलात की दोर प्लेटमध्ये आपला आपण आवळतो आणि तुमचे ८८ किलो जातात कातळावर. मी दोराच्या ब्रेकच्या बाजूवरचा हात सोडायचा नाही, एवढंच माझं काम. माझं वजन त्या हिशेबात येतच नाही. येतो तो अँकर कसा लावलाय हा प्रश्न. दोन्ही बिंदूंवर भार सारखा पडतो का, एक उपटला तर दुसऱ्याला हिसका बसेल का, दोर कुठल्या धारेवर घासतोय का. विचारायचंच असेल तर ते विचारा, मला आवडेल.

टॉप रोपला, म्हणजे दोर माथ्यावरून वळून खाली येतो तेव्हा, मी खाली उभी असते. तिथे वजनातला फरक जाणवतो, पण वरच्या कॅराबिनरवरून दोर वळतो तिथलं घर्षण बराच भार खातं. शिवाय फरक मोठा असेल तर मी स्वतःला जमिनीशी अँकर करते.

वजन खरंच महत्त्वाचं ठरतं ते लीड करणारा, म्हणजे दोर घेऊन सगळ्यांत पुढे चढणारा, पडतो तेव्हा. वजनदार लीडर आणि हलका बिलेअर असेल तर बिलेअर फेकल्यासारखा वर उचलला जातो आणि पहिल्या बोल्टवर (कातळात ठोकलेल्या, दोर अडकवायच्या खिळ्यावर) आपटू शकतो. त्यावरही उपाय आहेत. एडेलरिड कंपनीचं ओम नावाचं यंत्र पहिल्या बोल्टला लावतात. पडल्यावर दोर त्यात घासला जातो आणि हलक्या माणसाला धरणं सोपं होतं. पण गंमत बघा, गाइडच्या कामात लीड कोण करतं? मी. बिले कोण देतं? तुम्ही, ८८ किलो, आयुष्यात दुसऱ्यांदा. तेव्हा मी पडले तर काय होईल? तुम्ही जागचे तसूभर हलणार नाही आणि मला भिंतीवर जबरदस्त हिसका बसेल. म्हणजे भौतिकशास्त्राची भीती दोघांपैकी कोणी बाळगायची ते तुम्हीच ठरवा.

अवांतर : दोराची प्रमाणित चाचणी घेतात त्यात सिंगल दोरावर ८० किलोचं वजन पाडतात आणि हाफ रोपवर (जोडीने वापरायच्या बारीक दोरावर) ५५ किलोचं. त्यातलं ८० किलो म्हणजे तुम्ही, ५५ म्हणजे मी, असं मी तुकडीला सांगते. लोक हसतात आणि आकडा लक्षात राहतो.

वजनदार

माझं नाव बघा आणि मग वाचा. ९६ किलो. दोन वर्षांपूर्वी एका बाई गाइडबरोबर चार पिचची चढाई केली. तिसऱ्या पिचवर माझा पाय घसरला, हात सुटले. मला वाटलं आता संपलं. प्रत्यक्षात एखादा फूट खाली आलो असेन, दोर ताणला एवढाच. वरून आवाज आला, "धरलंय. श्वास घे. डाव्या गुडघ्याच्या उंचीला एक होल्ड आहे, तो तुला दिसत नाहीये." मला खरंच दिसत नव्हता, तिला वरूनही दिसत नव्हता. ती स्वतः त्यावरून गेली होती, म्हणून लक्षात होता. त्या होल्डवर पाय गेला आणि मी उभा राहिलो.

तिचं वजन किती होतं ते मी तेव्हा विचारलं नाही, नंतरही नाही.

तळटीप

इतिहासाची थोडी भर घालतो. माझा आवडता विषय, लांबण लागली तर दटावा.

फ्रान्समधल्या श्यामोनी गावाची गाइड मंडळी १८२१ साली स्थापन झाली, जगातली सगळ्यात जुनी. तिथे पिढ्यान्‌पिढ्या खोऱ्यातल्याच माणसांना घेत. बाहेरच्या एका पुरुषालाही दार उघडायला १९३० उजाडलं. मग बायकांचं काय झालं असेल ते बघा. फ्रान्समध्ये पर्वत-गाइडची पदविका मिळवणारी पहिली बाई मार्टिन रोलाँ, साल १९८३. स्वित्झर्लंडमध्ये निकोल निकिय, १९८६. कॅनडात डायनी हॅरिसन, १९९२. ब्रिटन मात्र फार पुढे होता. ग्वेन मॉफॅट १९५३ सालीच प्रमाणित गाइड झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्याच्या महिला विभागात होती, तिथून पळाली आणि डोंगरात राहिली. अनवाणी चढायची.

बायका चढत नव्हत्या म्हणून हा उशीर झाला, असं मात्र नाही. आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर मारी पारादी १८०८ साली पोचली. मॅटरहॉर्नवर लूसी वॉकर १८७१ साली. पण त्या सगळ्यांबरोबर पुरुष गाइड होते. बाईने चढणं लोकांच्या पचनी पडलं, बाईने *नेणं* पडेना. १९२९ साली मिरियम ओब्रायन आणि अलीस दामेम या दोघींनी आल्प्समधला ग्रेपों नावाचा अवघड सुळका पुरुषाशिवाय सर केला. त्यावर तेव्हाच्या एका फ्रेंच आरोहकाने हळहळ व्यक्त केली ती अशी, की खडक अजून उभे आहेत, पण चढाई म्हणून ग्रेपों आता उरला नाही. दोन बायकांनी एकटीने केल्यावर कुठला स्वाभिमानी पुरुष तिथे जाईल!

उनाड

‘दोन बायकांनी एकटीने’. व्याकरणासकट जपून ठेवावं असं वाक्य आहे.

तळटीप

घाईत माझंच झालंय ते, त्या फ्रेंच माणसाला दोष नको. पण राहू दे तसंच. दोघी होत्या तरी लोकांना त्या एकट्याच वाटल्या.

हिमगौरी

पहिल्यांदाच लिहितेय, एरवी वाचनमात्र असते. मी बर्फातलं काम करते आणि आंतरराष्ट्रीय बिल्ल्यासाठीचं प्रशिक्षण चालू आहे. अर्धं झालंय, अर्धं अडकलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पर्वत-गाइडांच्या राष्ट्रीय संघटनांचा एक महासंघ आहे, आयएफएमजीए. ऑस्ट्रिया, फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटलीच्या गाइडांनी १९६५ साली सुरू केला. त्याचा बिल्ला हवा तर कातळ, बर्फातली आणि उंचावरची चढाई, स्कीइंग अशा सगळ्यांत प्रशिक्षण आणि परीक्षा. वर्षानुवर्षं जातात. आणि प्रवेशाच्याही आधी लॉगबुक दाखवावं लागतं. कुठले मार्ग केले, किती अवघड, त्यात लीड कोणी केलं, सगळं.

आता खरी मेख. लोकांना वाटतं बायका ताकदीत कमी पडतात म्हणून या धंद्यात थोड्या. मी बघितलंय ते वेगळं आहे. मोसम सुरू होतो तेव्हा कामं वाटली जातात. अवघड धार, मोठा बर्फाचा उतार, दोन जणांची नेमकी चढाई, ही कामं पोरांना जातात. शाळेची सहल, पहिल्यांदा येणाऱ्यांची तुकडी, ‘खास महिलांसाठी’ शिबिर, ही मला. का? "तू सगळ्यांना छान सांभाळून घेतेस गं." तीन मोसम छान सांभाळून घेतल्यावर लॉगबुक उघडलं तर पानंच्या पानं सोपे मार्ग. माझ्याबरोबर लागलेला मुलगा परीक्षेला बसला, कारण त्याच्याकडे अवघड मार्गांची यादी होती. ती त्याला कामातून, पगारासकट मिळाली. मला ती सुट्टी घेऊन, पदरच्या खर्चाने करावी लागते.

कोणी वाईट बोललं नाही, कोणी अडवलं नाही. नुसतं कौतुक करून मागे ठेवलं.

गाठवाली

@हिमगौरी, शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला. ‘सांभाळून घेतेस’ हे मीही इतकी वर्षं शाबासकी समजत होते.

रानजाई

थोडी वेगळी बाजू मांडते. महिलांच्या तुकड्यांना इतकं हिणवू नका. मी चाळिशीत चढायला लागले ते अशाच तुकडीमुळे. आधी एकदा मिश्र तुकडीत गेले होते. मी होल्ड शोधत असायची आणि खालून चार पुरुष एकाच वेळी सांगायचे, "उजवा पाय वर, अहो उजवा, तो उजवा नाही." बायकांच्या तुकडीत गाइड म्हणाली, "वेळ घ्या, घाई कोणालाच नाही." वीस मिनिटं एका जागी उभी होते, पण मग गेले ती माझी मी.

दुसरं म्हणजे सुरक्षितता. चार दिवस डोंगरात, मुक्कामाला, अनोळखी पुरुष गाइडबरोबर एकट्या बाईने जाणं, यावर इथे कोणी बोललेलं नाही. नेपाळातल्या पोखऱ्याच्या छेत्री बहिणींनी, लकी, डिकी आणि निकी या तिघींनी, बायकांना गाइड म्हणून तयार करायला घेतलं ते याच कारणाने. त्यांच्या गेस्ट हाउसमध्ये उतरणाऱ्या बायका वाटेवर पुरुष गाइडांनी दिलेल्या त्रासाच्या गोष्टी सांगायच्या. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा नेपाळात बाईने गाइड होणं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. तेव्हा ‘खास महिलांसाठी’ ही पाटी निव्वळ जाहिरात असते असं नाही.

हिमगौरी

रानजाईताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तुकडी असू दे, जास्त असू देत. पण तिथे कायम मलाच का पाठवायचं, आणि अवघड धारेवर कायम त्यालाच का, एवढंच विचारतेय. पुरुष गाइड तीन दिवस शाळेच्या सहलीला जाऊ देत की. त्यांनाही सांभाळून घ्यायला शिकता येईल.

संशयात्मा

दोर आणि वजनाबद्दल समजलं, धन्यवाद. अँकरचं हे असं कोणी सांगितलं नव्हतं. पण बर्फात? तिथे सगळीकडे अँकर कुठे लावता? दोन-चार मीटर दोरावर गिऱ्हाईक बांधून गाइड चालते असे फोटो बघितलेत.

हिमगौरी

हा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला आहे. त्याला शॉर्ट रोपिंग म्हणतात आणि गाइडच्या कामात सगळ्यात अवघड तेच. इथे वजनाचा फरक पडतो, खोटं कशाला बोलू. पण कडक बर्फाच्या उतारावर ९० किलोचा माणूस एकदा वेगात घसरायला लागला तर ७५ किलोचा पुरुषही त्याला थांबवू शकत नाही. दोघं जातात. त्यामुळे पडल्यावर धरणं ही गोष्टच नाही इथे. पाय सटकला त्या क्षणी, पडणं सुरू व्हायच्या आधी दोराने टेकू द्यायचा. दोर सतत किंचित ताणलेला, मी उताराच्या वरच्या अंगाला, हात कोपरात वाकलेला, लक्ष पूर्ण त्याच्या बुटांवर. क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे काटे) नीट रुततायत का, थकून पाय ओढतोय का. माझ्या शिक्षकांचं वाक्य आहे, गिऱ्हाईक दमल्याचं गिऱ्हाइकाच्या आधी गाइडला कळलं पाहिजे. आणि तेवढ्याने भागणार नसेल तिथे अँकर लावायचाच, वेळ गेला तरी. कुठे लावायचा हे ओळखणं हीच विद्या.

हिमभेगेत कोणी पडलं तर वर ओढायलाही पुली पद्धत असते, तीनास एक. कागदावर तिप्पट, प्रत्यक्षात घर्षण खाऊन उरतो दुपटीच्या आसपास फायदा. दंडाच्या जोरावर कोणीच कोणाला ओढत नाही. पुरुषसुद्धा नाही, जरी नंतर गोष्ट तशी सांगितली तरी.

वाचनमात्र_२

एक अगदी प्रॅक्टिकल प्रश्न, लाज सोडून विचारते. आठ-दहा तास हार्नेसमध्ये. लघवीचं काय करता? आणि त्या चार दिवसांत?

गाठवाली

लाज कसली, हा प्रश्न धाग्यात यायला साठच्या वर प्रतिसाद लागतील असं वाटलं होतं, लवकर आला.

बहुतेक हार्नेसच्या पायातल्या पट्ट्या मागच्या बाजूला इलॅस्टिकने कमरेला जोडलेल्या असतात आणि तिथे बकल असतं. ते सोडलं की कमरेचा पट्टा आणि दोराची गाठ न सोडता विजार खाली करता येते. कमरेचा पट्टा सोडायचा नाही. दोर सोडायचा नाही. कोणी कितीही पाठ फिरवून उभं असलं तरी नाही. एवढंच ठळक करते. हे घरी, जमिनीवर, हातमोजे घालून चार वेळा करून बघा, मगच भिंतीवर. फनेलही मिळतं, पण त्याची सवय बाथरूममध्ये करा, पहिला प्रयोग वाऱ्यात नको. पाळीसाठी बऱ्याच जणी कप वापरतात, बदलायची कटकट कमी. पण हात धुवायला पाणी नसतं हे धरून चाला. वापरलेलं सगळं बंद पिशवीत खाली आणायचं, कातळाच्या फटीत कोंबायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : ‘जायला नको’ म्हणून पाणी न पिणं हा मूर्खपणा आहे. मी पहिली दोन वर्षं केला. पुरुष गाइडबरोबर होते, थांबा म्हणायची लाज वाटायची. दुपारी डोकं ठणकायचं, हाताला गोळे यायचे आणि मला वाटायचं आपला दम कमी आहे. दम नव्हता कमी, पाणी होतं.

आता मी गाइड आहे तर प्रत्येक स्टान्सवर (दोन पिचमधल्या थांब्यावर) स्वतःहून सांगते, "मी दोन मिनिटं पलीकडे बघतेय, कोणाला काय करायचं ते करा." पुरुष गिऱ्हाइकंही सुटकेचा श्वास टाकतात, काय सांगू.

मुलीचा_बाबा

गेले तीन दिवस धागा वाचतोय. मुलगी सतरा वर्षांची आहे, भिंतीवर चढते, चांगली चढते असं तिचे प्रशिक्षक म्हणतात. परवा तिने सांगितलं की गाइड व्हायचंय. छंद म्हणून नाही, काम म्हणून. आईचा विरोध, माझं तळ्यात-मळ्यात. यात पोट भरतं का? लग्न, मूल वगैरे झालं की पुढे काय? माझे विचार जुने वाटतील, पण बाप म्हणून रात्री झोप लागत नाही हे खरं आहे.

हिमगौरी

काका, विचार जुने नाहीत, प्रश्न बरोबर आहे. फक्त तो मुलाच्या बापालाही पडावा.

पैसे मोसमी असतात. दिवसाचे बरे मिळतात, पण दिवसच कमी. हवा बिघडली की काम नाही. गुडघा दुखावला की मोसम गेला. विमा महाग आणि तोच सगळ्यात आधी काढायचा. जोडीला दुसरं काम बहुतेकांना लागतंच. कोणी जिम-भिंतीवर शिकवतं, कोणी प्रथमोपचार शिकवतं.

मुलाचं म्हणाल तर माझ्या मुलीला आता दीड वर्ष झालंय. प्रशिक्षण अर्धं अडकलं त्याला हेही एक कारण. गरोदरपणी नेहमीच्या हार्नेसचा कमरपट्टा पोटावर येतो, म्हणून काही जणी खांद्यावरून येणारा पूर्ण अंगाचा हार्नेस घालून सोप्या टॉप रोपवर काही काळ चढतात. मी डॉक्टरांना विचारून पाचव्या महिन्यापर्यंत तसं केलं. पण गिऱ्हाईक नेणं दुसऱ्या महिन्यातच थांबवलं. वरून दगड आला तर मला गिऱ्हाइकापुढे उडी मारता आली पाहिजे, आणि तेव्हा मी ती मारली नसती हे मला माहीत होतं. नंतर परत दोर हातात घेतला तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं, "आता बाळ आहे, तरी?" त्याला स्वतःला दोन आहेत.

ब्रिटनच्या ब्रीड आर्कलेस या गाइड होत्या, आठ मुलांच्या आई. आठ! दमल्यावर मी तो आकडा आठवते. प्रेरणा वगैरे मिळत नाही, पण माझी एक झोपली असते तेवढ्यात हसू येतं.

तळटीप

वर निकोल निकियचं नाव घेतलं, तिची पुढची गोष्ट सांगायची राहिली. ‘डोंगरात धोका’ या मुद्द्याला धरून आहे. गाइड म्हणून मोठमोठ्या भिंती केल्या, त्यात काही झालं नाही. १९९४ साली जंगलात अळंबी गोळा करत असताना वरून अक्रोडाएवढा दगड येऊन डोक्यात बसला. तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. त्यानंतर तिने काय करावं? नेपाळात लुक्ल्याला इस्पितळ उभं केलं. ते २००५ साली सुरू झालं आणि त्याला आपल्या नावाबरोबर पासांग ल्हामू शेर्पाचंही नाव दिलं. पासांग ल्हामू म्हणजे एव्हरेस्टवर पोचलेली पहिली नेपाळी बाई, १९९३ साली. उतरताना वारली.

आणि त्याच नेपाळातून पुढे दावा यांगझुम शेर्पा आली. आयएफएमजीएचा बिल्ला मिळवणारी पहिली नेपाळी बाई. २०१४ साली दोन नेपाळी सहकारी बायकांबरोबर के-टू शिखर केलं आणि २०२४ साली आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं पूर्ण केली.

मुलीचा_बाबा

हे सगळं मुलीला वाचून दाखवलं. तिला निकियपेक्षा शॉर्ट रोपिंगमध्ये जास्त रस.

उनाड

मग ती होणार गाइड. जमवून घ्या काका.

संशयात्मा

पुन्हा मीच. एक मुद्दा राहतोच. गिऱ्हाईक पैसे देतं, जीव त्याचा आहे, मग गाइड निवडायचा हक्क त्याला नको का? मला पुरुष गाइडबरोबर निर्धास्त वाटत असेल तर तो माझा दोष कसा?

गाठवाली

हक्क आहे, दोषही नाही. निर्धास्त वाटणं ही खरी गरज आहे, घाबरलेला माणूस चुका करतो. फक्त निर्धास्त *वाटणं* आणि सुरक्षित *असणं* यांची गल्लत झाली की माझ्या पोटात गोळा येतो. उदाहरण देते.

मागच्या मोसमात एका कड्यावर होते, पाच पिचची चढाई. तिसरा संपवून स्टान्सवर उभे. गिऱ्हाईक दोन, दोघेही तयारीचे. पश्चिमेला ढग चढायला लागले होते, अजून दूर. मग माझ्या लक्षात आलं की वारा थांबलाय. सकाळपासून दोराचं टोक हलत होतं, ते सरळ लोंबत होतं. मी म्हटलं, परत. रॅपलिंग करून खाली.

त्यातला एक जण म्हणाला, "दोनच पिच राहिलेत. घाबरलात का मॅडम?" दुसरा शांतपणे म्हणाला, "वाटल्यास सरांना एक फोन लावून विचारू या." म्हणजे माझ्या संस्थेच्या माणसाला, जो चाळीस किलोमीटरवर ऑफिसात बसून हिशेब करत होता.

हेच शब्द माझ्या पुरुष सहकाऱ्याने उच्चारले असते तर? आम्ही नंतर बोललो यावर. तो म्हणाला, "मला म्हणतात, सर अनुभवी आहेत, हवा ओळखतात." त्याने माघार घेतली तर अनुभव, मी घेतली तर भीती. अशा वेळी मनात जे येतं ते धोक्याचं असतं : दाखवूनच देऊ यांना, करू या दोन पिच. बायका गाइडांचा खरा धोका तो आहे, वजन नव्हे. मला त्या क्षणी तसं वाटलं होतं. साधारण दहा सेकंद.

मग मी दोर रॅपलिंगच्या रिंगमध्ये ओवायला घेतला आणि म्हटलं, "फोन लावा, तोवर मी पहिलं रॅपल तयार करते." रेंज नव्हती. खाली पोचून पायवाटेला लागलो तेव्हा गारा सुरू झाल्या. वीज पडली की नाही, कड्यावर पडली की नाही, मला माहीत नाही. नसती पडली तरी निर्णय तोच होता. त्यांनी पुन्हा माझ्याकडे बुकिंग केलं नाही.

संशयात्मा

हं.

वजनदार

‘हं’ लिहायला लॉगिन केलं म्हणजे पटलं असावं.

रानजाई

@गाठवाली, परत आल्याचे पैसे घेतलेत ना पूर्ण?

गाठवाली

पूर्ण. खाली आणण्याचेच घेते मी, वर नेण्याचे नाही.

मुलीचा_बाबा

गाठवालीताई, मुलीने तुमच्यासाठी प्रश्न दिलेत. तिचं खातं नाही इथे आणि मी काढू देणार नाही, म्हणून मीच टंकतोय. एक, लॉगबुक आत्तापासून ठेवायचं का? दोन, त्यात परत फिरलेले दिवस लिहायचे का, की फक्त पूर्ण झालेल्या चढाया?

गाठवाली

आजपासून ठेव. तारीख, मार्ग, किती पिच, त्यातले तू लीड किती केलेस, कोणाबरोबर, हवा कशी होती. लीडचा रकाना वेगळा आखायचा, कारण हिमगौरी म्हणाली तसं पुढे तोच रिकामा निघतो आणि तोच विचारतात. रिकामा दिसायला लागला की सहा महिन्यांत बोलायचं, तीन मोसम थांबायचं नाही.

परत फिरलेले दिवसही लिहायचे. कुठून फिरलीस आणि काय दिसलं म्हणून फिरलीस, दोन ओळी. माझ्या वहीत ‘वारा थांबला’ एवढंच लिहिलंय त्या दिवसापुढे.

मुलीचा_बाबा

विचारतेय, पेनने की पेन्सिलीने?

गाठवाली

पेन्सिल. थंडीत पेन चालत नाही. आणि पेन्सिलीला दोरा बांधून वहीला अडकव, नाहीतर पहिल्याच स्टान्सवरून खाली जाईल.